रेंजफाइंडरचा आकडा नेमका कशाचा?

आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद आहे, म्हणून उदाहरण स्कॉटलंडचं घेऊ. तिथले हरणांचे शिकारी लेझर रेंजफाइंडर वापरतात. प्रकाश जातो, आदळून परततो. लागलेल्या वेळावरून अंतर निघतं. मीटरभर अंतराला जाऊन-येऊन सुमारे ६.७ नॅनोसेकंद!

आता आपण विचारू, हा आकडा कशाचा? ज्यावरून प्रकाश परतला, त्याचा. ते हरीणच असेल असं नाही. मधलं गवत किंवा धुकंही असू शकतं. म्हणून घेताना मागचं लक्ष्य धरण्याची सोय बघावी. जाहिरातीतला पल्ला बहुधा चकचकीत पाटीवरचा असतो. केसाळ अंगावर तो बराच कमी भरतो.

दुसरं, चढउतार. ३० अंशांच्या उतारावर ४०० मीटर दिसले, तरी गोळीची घसरण साधारण ३४६ मीटर आडव्या अंतराच्या हिशेबाने धरावी लागते. कोन मोजणारं उपकरण हे करून देतं. ५० मीटरच्या नेमबाजीत मात्र अंतर ठरलेलंच असतं. तिथं याची गरज नाही.

दोन-तीनदा मोजूनही आकडे जुळले नाहीत तर गोळी झाडू नये. चुकीच्या आकड्यावर झाडलेल्या गोळीने जनावर मरत नाही, जखमी होऊन पळतं.