काच खरेच पारदर्शक असते का?

मराठीच्या प्राध्यापकाने पदार्थविज्ञानात नाक खुपसू नये, असा संकेत आहे. परंतु ‘पारदर्शक’ हा शब्द आमच्या खात्यातला. त्याची चौकशी करण्याचा हक्क मला असावा. खिडकीचे तावदान समोरून पाहावे तर स्वच्छ. तेच कडेने पाहावे तर हिरवट! सगळी गोष्ट ह्या हिरवटपणात आहे.

काचेतले इलेक्ट्रॉन धातूतल्यासारखे मोकळे नसतात. दावणीच्या गुरांसारखे ते अणूंना जखडलेले असतात. प्रकाशाची लहर आली की ते जागच्या जागी हेलकावतात आणि लहर पुढे जाते. लहरीचा ठेका आणि त्यांचा स्वतःचा ठेका जुळला, तर मात्र काच लहरीची शक्ती गिळते आणि तिची उष्णता होते. शुद्ध काचेत हा ठेका जुळतो अतिनील किरणांशी. डोळ्यांना दिसणारा प्रकाश सुखरूप सुटतो. पण वाळूबरोबर लोहाचे अंश येतात आणि ते तांबड्या प्रकाशावर ताव मारतात. कडेने पाहताना प्रकाशाला काचेतून लांबचा पल्ला गाठावा लागतो, म्हणून शेवटी उरतो तो हिरवा.

हे गिळणे उलट्या चक्रवाढ व्याजासारखे चालते. पहिल्या टप्प्यात निम्मा प्रकाश गेला, तर दुसऱ्यात उरलेल्याच्या निम्मा जातो. फ्रान्सच्या पिएर बुगे यांनी हा हिशेब १७२९ सालीच मांडला होता.

आता हा हिशेब किती निष्ठुर ते पाहा. १९६० नंतरच्या काळात चांगल्या काचतंतूतूनही वीस मीटर गेल्यावर शंभरातला एक हिस्सा प्रकाश उरत असे. अशा तंतूतून गावोगावचे टेलिफोन चालवायचे म्हणजे चाळणीने पाणी भरणे! तरी १९६६ साली इंग्लंडमधील हार्लो येथील चार्ल्स काओ आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी निबंध लिहून सांगितले की, दोष काचेचा नाही, तिच्यातल्या मळाचा आहे. मळ काढा, किलोमीटरभर गेल्यावरही शंभरातला एक हिस्सा हाती लागेल. पुष्कळांना ते पटले नाही. मग काओ निरनिराळ्या प्रयोगशाळांचे आणि काच-कारखान्यांचे उंबरठे झिजवीत हिंडले. शांघायला जन्मलेला हा माणूस चिवट खरा!

१९७० साली अमेरिकेतील कॉर्निंग कंपनीच्या मॉरर, केक आणि शुल्ट्झ यांनी तसा तंतू ओढला. किलोमीटरनंतर शंभरातले दोन हिस्से शिल्लक! आजच्या उत्तम तंतूत तोच एक हिस्सा शंभर किलोमीटरांवर उरतो. आता जो प्रकाश हरवतो, तो गिळला जाण्यापेक्षा विखुरल्यामुळेच अधिक. आकाश निळे दिसते ते ज्या विखुरण्याने, तेच हे. समुद्राखालून इंटरनेट वाहते ते ह्याच काचेतून.

२००९ साली काओ यांना नोबेल पारितोषिक मिळाले. तोवर त्यांना स्मृतिभ्रंशाने गाठले होते. स्टॉकहोमला त्यांचे व्याख्यान त्यांच्या पत्नी ग्वेन यांनी दिले.