आधार सोडा, पेडल मारा!

एक चाक, एक सीट, दोन पेडल्स. ना हँडल, ना ब्रेक, ना चेन! युनिसायकल शिकायला जिमची मेंबरशिप लागत नाही. लागते एक भिंत, रोजची वीस मिनिटं आणि ती भिंत सोडायची हिंमत.

सर्कस आठवतेय? तंबूतला झगमगाट, बँडचा आवाज आणि एका चाकावरून गिरक्या घेत येणारा कलाकार... विष्णुपंत छत्र्यांनी आपली सर्कस लोकांसमोर आणली, तेव्हापासून मराठी माणसाला कसरतींचं भारी कौतुक. पण ते टाळ्यांपुरतंच. 'आपल्याला थोडंच जमणारेय?' म्हणत आपण घरी येतो आणि विषय संपतो.

जपानमधल्या मुलांना असा प्रश्न पडत नाही. तिथे कित्येक प्राथमिक शाळांच्या मैदानाच्या कडेला युनिसायकली ओळीने लावून ठेवलेल्या असतात. आपल्याकडे मधल्या सुट्टीत मुली लंगडी खेळायच्या, तितक्याच सहज तिथल्या मुली एका चाकावर फिरतात. आणि हे काही फक्त मुलांचं खूळ नाही. इन्फर्मेशन थिअरीचा पाया घालणारे क्लॉड शॅनन बेल लॅब्सच्या कॉरिडॉरमधून युनिसायकल चालवायचे. म्हणजे ऑफिसात एकचाकी आणण्याचा मान एका गणितज्ञाकडे जातो! इंग्लंडचा एड प्रॅट तर २०१५ मध्ये ३६ इंची चाकावर जगप्रदक्षिणेला निघाला आणि २०१८ मध्ये घरी परतला.

सांगायचा मुद्दा हा, की हे देवदत्त टॅलेंट वगैरे नाही. शिकता येतं. प्रश्न फक्त शिकण्याच्या पद्धतीचा आहे.

फंडा काय आहे?

लहानपणी तळहातावर झाडू उभा धरायचा खेळ खेळलात ना? झाडू पुढे कलला की हात पुढे न्यायचा, मागे कलला की मागे. युनिसायकलचं गणित हेच. फरक एवढाच, की झाडू म्हणजे तुम्ही आणि हात म्हणजे चाक.

साध्या सायकलवर तोल फक्त डावी-उजवीकडे सांभाळायचा असतो. इथे पुढे-मागेही सांभाळावा लागतो. पुढे कललात तर पेडल जोरात, मागे कललात तर हळू. बाजूला झुकलात तर कंबर वळवून चाक त्याच बाजूला न्यायचं. शिवाय पेडल थेट चाकाला जोडलेलं. त्यामुळे पाय थांबले की चाक थांबतं आणि पाय उलटे फिरले की चाकही उलटं. ब्रेक, गियर, इंजिन... सगळं तुमच्या दोन पायांत!

घेताना एवढं बघा

मोठ्या माणसालाही शिकायला २० इंची चाक उत्तम. मोठं चाक वेगवान असतं, पण सुरुवातीला ताब्यात ठेवायला अवघड. सीटची उंची अशी हवी, की पेडल अगदी खाली असताना त्यावर टाच ठेवली तर पाय सरळ होईल. सीट फार खाली ठेवलीत तर मांड्या पाच मिनिटांत बोलायला लागतील.

पेडल्सवर डावं-उजवं लिहिलेलं असतं, ते तपासा. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. सायकल उलट्या तोंडाने चालवली तर पेडल्स हळूहळू सैल होतात. टायरमध्ये हवा टणक भरा. पायात सपाट तळव्याचे बूट घाला आणि नाड्या आत खोचा. हेल्मेट, नी-पॅड आणि मनगटाचे गार्ड हवेतच, कारण पडताना हात सगळ्यात आधी पुढे जातात.

जागा गुळगुळीत, सपाट सिमेंटची बघा. सोसायटीचं पार्किंग किंवा बास्केटबॉल कोर्ट बेस्ट. गवतावर लागणार नाही असं वाटतं, पण तिथे चाक रुतून बसतं. आणि रस्त्यावर? ट्रॅफिकमध्ये तर अजिबातच नको.

आधी पडायला शिका

ऐकायला विचित्र वाटेल, पण पहिला धडा हाच. युनिसायकलवर पुढे हँडल नसतं, त्यामुळे पाय अडकत नाहीत आणि बहुतेक वेळा तुम्ही पायांवरच उतरता. सायकल धाडकन पडली तर पडू द्या, तिला वाचवायला जाऊ नका! मग नीट उतरायचा सराव करा. एका हाताने सीटचं पुढचं टोक धरा, खालच्या पेडलवर भार द्या आणि दुसरा पाय मागे जमिनीवर टाका. सायकल समोर, हातात. दहा वेळा हे केलंत की निम्मी भीती जाते. एकदा भीती गेली की खांदे सैल पडतात आणि खांदे सैल पडले की तोल जमायला लागतो.

भिंतीची दोस्ती

आता भिंत किंवा रेलिंग बाजूला घ्या. एक पेडल मागे, तुमच्या बाजूला, जरा खालच्या अंगाला ठेवा. सीट पायांमध्ये घ्या आणि त्या पेडलवर पाय दाबा. चाक मागे सरकत तुमच्याखाली येईल आणि तुम्ही वर जाल. दुसरा पाय दुसऱ्या पेडलवर ठेवा आणि दोन्ही पेडल्स आडव्या रेषेत आणा, एक पुढे, एक मागे. ही तुमची 'होम पोझिशन'. एक पेडल वर आणि एक खाली असताना जोर लावताच येत नाही, नवशिके नेमके तिथेच अडकतात. म्हणून सुरुवातीला अर्धाच फेरा मारायचा. आडवं, थांबा. पुन्हा आडवं, थांबा.

या टप्प्यावर तीन गोष्टी पाठ करा. एक, सगळं वजन सीटवर. पेडलवर उभं राहिलात की चाक डगमगतं. दोन, नजर समोर लांबवर. चाकाकडे बघितलंत की खालीच जाणार! तीन, पाठ ताठ आणि हात मोकळे.

आणि मग येतो तो क्षण. भिंतीला धरून तुम्ही तासभर मस्त जाऊ शकता आणि 'जमलं की राव!' असं वाटतंही. पण तेव्हा तोल भिंत सांभाळत असते, तुम्ही नाही. म्हणून भिंतीची सवय लागायच्या आत तिच्याकडे पाठ करा, अंग किंचित पुढे झोका आणि सरळ निघा. दोन पेडल्स मारून पडाल. पडा की! आकडा लिहून ठेवा. दोन, तीन, दोन, चार, पुन्हा दोन... प्रगती अशीच दिसते.

तिसऱ्या दिवसाचा वैताग

बऱ्याच जणांची एकचाकी इथेच माळ्यावर जाते. कारण अंगात ताकद नाही म्हणून नाही. नोकरीला लागून चार-पाच वर्षं झाली, की आपण फक्त जमणाऱ्याच गोष्टी करत असतो. प्रेझेंटेशन जमतं, एक्सेल जमतं, ट्रॅफिकमधून बाइक काढणंही जमतं. चारचौघांत न जमणारी गोष्ट करायची सवयच मोडलेली असते. त्यात पार्किंगमधली पोरं हसतात, वॉचमनकाका सल्ले देतात आणि शेजारच्या काकू बाल्कनीतून 'अरे, हाडं मोडतील!' म्हणतात.

पोरं लवकर शिकतात त्यामागचं एक कारण तरी साधं आहे, पडलेलं मोजत बसत नाहीत. तुम्हीही नका मोजू. रविवारी एकदम तीन तास घाम गाळण्यापेक्षा रोज पंधरा-वीस मिनिटं करा. नवी हालचाल मेंदूत पक्की व्हायला वेळ लागतो आणि त्यातलं बरंचसं काम रात्रीच्या झोपेत होतं. म्हणूनच काल रात्री न जमलेली गोष्ट आज सकाळी अचानक जमते. असे एकूण दहा-पंधरा तास घातले, की बहुतेक लोक बऱ्यापैकी चालवायला लागतात. म्हणजे रोज वीस मिनिटांच्या हिशेबाने महिना-दीड महिना!

पुढे काय?

इंटरनॅशनल युनिसायकलिंग फेडरेशनने कौशल्याच्या दहा लेव्हल्स ठरवल्या आहेत. पहिल्या लेव्हलला कुठल्याही आधाराशिवाय चढायचं, ५० मीटर जायचं आणि सायकल समोर ठेवून व्यवस्थित उतरायचं. २० इंची चाक एका फेऱ्यात साधारण १.६ मीटर पुढे जातं. म्हणजे ५० मीटरला फक्त ३१-३२ फेरे! दोनवरून बत्तीसवर जायचंय, एवढंच टार्गेट.

त्यानंतर वळणं घ्या, पण दोन्ही बाजूंना, कारण प्रत्येकाची एक बाजू 'आवडती' असते. मग येतं आयडलिंग. एक पाय खाली ठेवून अर्धा फेरा पुढे, अर्धा मागे, असं एकाच जागी झुलत राहायचं. एकचाकीवर थांबायचं असेल तर हलत राहावं लागतं! ते जमलं की उलटं चालवणं आणि उड्या मारणं.

या छंदाला अप्रेझल नाही, शॉर्टकट नाही आणि दुसऱ्याकडून करून घेण्याची सोय तर नाहीच. आज सात फेरे मारलेत, तर ते तुमचेच आणि तेवढेच. तेव्हा मंडळी, आजच्या आज सोसायटीत एक बरी भिंत शोधा. फार दिवस लागणार नाहीये ती!