सोनोरात जिंकले, आम्ल मातीत हरले

मेक्सिकोतल्या सोनोरा राज्यात, सिउदाद ओब्रेगोनजवळच्या ओलिताच्या प्रयोगशेतात १९६७-६८च्या सुमारास ट्रिटिकेलची काही आगळी रोपे नजरेस पडली. ट्रिटिकेल म्हणजे गहू आणि राय (थंड प्रदेशातले एक तृणधान्य) यांचा माणसाने घडवलेला संकर. तोवरचे हे पीक उंच वाढून लोळायचे, ओंब्या अर्धवट भरायच्या. ही रोपे मात्र बुटकी, लवकर पिकणारी, दाण्यांनी भरलेली! बुटक्या गव्हाच्या परागामुळे हा संकर आपोआप झाला होता. ‘आर्माडिलो’ नाव मिळालेल्या या रोपांची संतती पाहता पाहता देशोदेशी पोहोचली.

कसदार, ओलिताच्या रानात ती चांगली पिकली. आम्लधर्मी किंवा कोरड्या जमिनीत मात्र ‘बीगल’सारखे वाण तिच्या पुढे गेले. फरक गुणसूत्रांत होता. आज प्रचलित असलेल्या ट्रिटिकेलमध्ये ४२ गुणसूत्रे असतात, २८ गव्हाकडून आणि १४ रायकडून. आर्माडिलोत रायची एक जोडी गळून तिथे गव्हाची जोडी आली होती. बीगलमध्ये रायच्या सातही जोड्या शाबूत होत्या, आणि खडतर जमिनीत तगण्याचे बळ रायकडूनच येते.

मातीचा सामू पाचाच्या खाली गेला की ॲल्युमिनियम विरघळून मुळांची टोके जाळतो. मुळे आखूड राहतात, पाणी असूनही रोपाला ते ओढता येत नाही. रायची मुळे सेंद्रिय आम्ले पाझरून हा ॲल्युमिनियम बांधून टाकतात. दक्षिण ब्राझीलच्या आम्ल मातीत आणि पोलंडच्या हलक्या, वालुकामय जमिनीत ट्रिटिकेल रुजले ते यामुळे. पोलंड तर आज या पिकात जगात आघाडीवर आहे. अर्थात तिथे बर्फाखाली हिवाळा काढणारे वाण लागतात. सोनोरातले तिथल्या थंडीत टिकणार नाहीत. म्हणून एकाच ठिकाणच्या उताऱ्यावरून वाणाला ‘सर्वोत्तम’ ठरवणे मला अन्यायाचे वाटते.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर आपली काळी जमीन अल्कधर्मी असल्याने रायच्या या गुणाला तिथे कामच नाही. कोकणची जांभ्याची माती आम्ल आहे, पण तिथला हिवाळा फार उबदार. शिवाय ट्रिटिकेलचे ग्लुटेन कमजोर, त्यामुळे जगभर ते मुख्यतः जनावरांच्या खाद्यासाठीच पिकते. तरी भारतात पंजाब कृषी विद्यापीठाने ट्रिटिकेलचे ‘टीएल’ मालिकेतले वाण काढले आहेत. रायच्या गुणाला वाव मात्र ईशान्येत आहे, तिथल्या डोंगराळ भागात आम्ल माती आणि थंडी एकत्र भेटतात. रायच्या गुणसूत्रांच्या सातही जोड्या राखलेल्या वाणांच्या चाचण्या तिथे, शेतकऱ्यांच्या बांधावर, सलग काही हंगाम व्हायला हव्यात.