नोकरी सोडून वस्ताद होताना
(बी. ए. भाग २)

आपल्या समाजात शिक्षणाची किंमत खुर्चीवर ठरते. पदवी मिळाली की टेबल, पंखा आणि महिन्याचा पगार मिळावा, अशी घरच्यांची अपेक्षा असते. ती चूक आहे असे मी म्हणणार नाही. ज्यांनी जन्मभर उसाच्या सरीत पाय रोवले, त्यांना मुलाने सावलीत बसावे असे वाटणारच. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच असल्यामुळे ही अपेक्षा मला चांगली ठाऊक आहे.

म्हणूनच माझ्या चुलतभावाने इचलकरंजीतील सुताच्या एका पेढीवरची हिशेबाची नोकरी सोडून शिरोळात व्यायामाचे वर्ग सुरू केले, तेव्हा घरात मोठी खळबळ उडाली. चुलती म्हणाली, "एवढं शिकून लोकांना बैठका काढायला लावणार व्हय रं?" दादा काही बोलला नाही. पण या प्रश्नाचा विचार आपण विद्यार्थ्यांनी करायला हवा, असे मला वाटते. व्यायाम शिकवणे हा शिकलेल्या माणसाचा धंदा आहे की नाही?

कोल्हापूर जिल्ह्याला हा धंदा नवा नाही. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला आणि १९१२ साली खासबाग मैदान उभे राहिले. पेठापेठांतून तालमी नांदल्या. या तालमींत पैलवानाइतकाच मान वस्तादाला असे. पैलवानाची उमेद साधारण तिशी-पस्तिशीपर्यंतची. पुढे अंगातली रग उतरते, पण नजर तयार झालेली असते. गणपतराव आंदळकर १९६० साली हिंदकेसरी झाले, १९६२ साली जाकार्ता येथील आशियाई स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक मिळवले आणि १९६४ साली ते टोकियो ऑलिंपिकला गेले. पुढे त्यांनी मोतीबाग तालमीत वस्ताद म्हणून मल्लांच्या पिढ्या घडवल्या. कुस्ती खेळणे आणि कुस्ती शिकवणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिल्यात स्वतःचे अंग कळावे लागते, दुसऱ्यात समोरच्याचे.

पण वस्ताद मुळात पैलवानच असतो. पुस्तकातला माणूस या वाटेला गेला, असे उदाहरण आहे का? आहे, आणि ते फार बोलके आहे. जगन्नाथ गणेश गुणे यांचा जन्म १८८३ चा. संस्कृतचे चांगले विद्यार्थी असलेल्या गुण्यांनी बडोद्याला प्रोफेसर माणिकराव यांच्याकडे व्यायामाचे धडे घेतले. पुढे अंमळनेरला ते शिक्षक झाले आणि तिथल्या राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्यही. असा माणूस १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम ही संस्था काढून योग आणि व्यायाम यांच्या कामाला वाहून घेतो! तेच स्वामी कुवलयानंद. विशेष म्हणजे त्यांनी विद्या मागे टाकली नाही, ती सोबत नेली. नौली, उड्डियान यांसारख्या क्रियांच्या वेळी शरीरात काय घडते, हे त्यांनी क्ष-किरण आणि मोजमापाची साधने लावून तपासले आणि 'योग मीमांसा' या नियतकालिकातून मांडले. चुलतीच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर मला इथे सापडते.

उरलेले निम्मे दादाच्या वर्गात दिसते. त्याच्याकडे एका वेळी आठ-दहाच माणसे असतात. पुण्या-मुंबईत हल्ली अशा लहान, निवडक वर्गांचे पेव फुटले आहे. जागा छोटी, माणसे मोजकी, व्यायाम बहुधा एकाच पद्धतीचा, आणि शिक्षकाचे लक्ष प्रत्येकावर. नाव नवे असले तरी वस्तादाची रीत यापेक्षा फार वेगळी नव्हती. दादाकडे येणाऱ्यांत वाकून वाकून कंबर धरलेले शेतकरी आहेत, मधुमेहाची औषधे घेणारे गुरुजी आहेत, गुडघे दुखणाऱ्या बायका आहेत. या सगळ्यांना एकच व्यायाम देऊन चालत नाही. वजन उचलताना श्वास कोंडला तर रक्तदाब एकदम चढतो, म्हणून उचलताना श्वास सोडायला शिकवावे लागते. इन्शुलिन घेणाऱ्याची साखर व्यायामाने फार खाली येऊ शकते, म्हणून तो काय खाऊन आला हे विचारावे लागते. नवख्याचे अंग दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त दुखते. ते स्नायूंचे नेहमीचे दुखणे आहे की सांध्याची इजा, हे ओळखावे लागते. आणि इजा वाटली तर डॉक्टरांकडे पाठवण्याचा शहाणपणा लागतो. हिशेबाच्या वहीत एक आकडा चुकला तर खोडता येतो, इथे तशी सोय नाही.

मग हे शिकायचे कुठे? शाळेत शारीरिक शिक्षणाचा शिक्षक व्हायचे तर पदवीनंतर दोन वर्षांचा बी. पी. एड. अभ्यासक्रम आहे, त्याच्या प्रवेशपरीक्षेत लेखी पेपराबरोबर मैदानी चाचणीही द्यावी लागते. खासगी वर्गाला अशा पदवीची सक्ती नाही, आणि धोका नेमका तिथेच आहे. स्वतःचे दंड फुगले की माणूस दुसऱ्याला शिकवायला उभा राहतो. दादाने नोकरीत असतानाच सुट्टीच्या दिवशी जाऊन प्रशिक्षण घेतले, शरीररचनेची पुस्तके वाचली, आणि वर्षभराच्या घरखर्चाएवढी शिल्लक टाकल्यावरच राजीनामा दिला. तरीही ओढाताण आहेच. लावणीच्या दिवसांत माणसे गळतात, कारखान्याचे बिल लांबले की फी लांबते, पंचगंगेचे पाणी चढले की वर्गच बंद. पगाराची एक तारीख या धंद्यात नाही.

धंदा बदलणाऱ्याने हे सारे आधी मोजून घ्यावे. ज्याला केवळ साहेबाचा जाच चुकवायचा आहे, त्याने या वाटेला जाऊ नये. इथे प्रत्येक गिऱ्हाईक साहेबच असते. पण ज्याला माणसे आवडतात, पहाटे पाचला उठण्याचा कंटाळा नाही आणि पुन्हा पहिलीपासून शिकायची तयारी आहे, त्याने लाजू नये. उद्या आपल्यातल्या कोणाला पदवीनंतर असे काही करावेसे वाटले, तर गुरुजनांनी त्याला वेड्यात न काढता एवढेच विचारावे, "शिकून घेतलेस ना?"