वजन तर उतरलं, पुढं काय? बॅरिअॅट्रिक शस्त्रक्रियेनंतर शरीरात होणारे बदल समजून घ्या

हिंडलगा : प्रतिनिधी

सकाळी बेळगाव-वेंगुर्ले रस्त्यावर फिरायला येणाऱ्यांत ओळखीचे एक गृहस्थ असतात. दीड वर्षापूर्वी त्यांनी वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया करून घेतली. १२८ किलोचे ९० किलो झाले. भेटेल तो एकच विचारतो, "किती किलो उतरलं?" गेल्या महिन्यात मात्र ते स्वतःहून म्हणाले, "तळपायाला मुंग्या येतात, जिना चढला की गरगरतंय." गोळ्या चालू आहेत का विचारलं, तर उत्तर आलं, "वजन उतरलं की! आता कशाला गोळ्या? सहा महिन्यांनीच बंद केल्या." रक्त तपासलं तेव्हा बी-१२ आणि हिमोग्लोबिन, दोन्ही खाली गेलेलं निघालं.

आता आपल्या भागातूनही लोक या शस्त्रक्रियेसाठी जातात. कुणी साठवलेले पैसे काढतात, कुणी कर्ज काढतात. आधीचा फोटो आणि नंतरचा फोटो व्हॉट्सअॅपवर फिरतो. पण फोटोत न दिसणारं बरंच काही शरीरात बदललेलं असतं आणि ते आयुष्यभर सांभाळावं लागतं. म्हणून हा विषय जरा सविस्तर.

ही चरबी काढण्याची शस्त्रक्रिया नव्हे

पहिला गोंधळ इथंच होतो. मे २०२२ मध्ये बेंगळुरूत कन्नड मालिकांमधली २१ वर्षांची अभिनेत्री चेतना राज हिचा चरबी काढण्याच्या शस्त्रक्रियेनंतर मृत्यू झाला. तेव्हापासून बॅरिअॅट्रिक म्हटलं की अनेकांना तीच घटना आठवते. पण ते वेगळं आणि हे वेगळं. पोटाच्या किंवा मांडीच्या कातडीखालची चरबी ओढून काढणं म्हणजे लायपोसक्शन. त्यानं आकार बदलतो, लठ्ठपणाचा आजार जात नाही.

बॅरिअॅट्रिकमध्ये चरबीला हात लावत नाहीत, जठरावर काम करतात. ते बहुतेक वेळा दुर्बिणीतून होतं. आपल्याकडं दोन प्रकार जास्त ऐकू येतात. 'स्लीव्ह' मध्ये जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग कायमचा काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची नळी शिल्लक ठेवतात. 'बायपास' मध्ये जठराची साधारण ३० मिलीची छोटी पिशवी करून ती थेट पुढच्या आतड्याला जोडतात, त्यामुळं अन्न मधला टप्पा टाळून जातं.

जागा कमी झाली म्हणून माणूस कमी खातो, हे अर्धंच खरं. भूक लावणारं घ्रेलिन नावाचं संप्रेरक मुख्यतः जठराच्या वरच्या भागात तयार होतं. स्लीव्हमध्ये तो भागच जातो, त्यामुळं भूकही मंदावते. आतड्यातून पोट भरल्याचा निरोप देणारी संप्रेरकं वाढतात. म्हणूनच अनेकांची शुगर वजन फारसं उतरायच्या आधीच, काही दिवसांत खाली येते. अशा वेळी जुन्याच डोसानं शुगरच्या आणि बीपीच्या गोळ्या चालू ठेवल्या तर चक्कर येऊन पडायची वेळ येते. डोस डॉक्टरांकडून लगेच बदलून घ्यावा लागतो.

'७० टक्के वजन कमी' म्हणजे किती?

जाहिरातीत ६० टक्के, ७० टक्के असे आकडे असतात. ते पूर्ण वजनाचे नसतात, जादा वजनाचे असतात. हा हिशेब नीट करून बघा.

समजा एका बाईंची उंची १६० सेंटीमीटर आणि वजन १२० किलो आहे. त्यांचा बीएमआय येतो जवळपास ४७. बीएमआय २५ धरला तर या उंचीला वजन हवं ६४ किलो. म्हणजे जादा वजन ५६ किलो. त्यातलं ६० टक्के उतरलं म्हणजे साधारण ३४ किलो. बाई ८६ किलोवर येतील. पूर्ण वजनाच्या भाषेत ही घट २८ टक्के झाली. स्लीव्ह किंवा बायपासनंतर एक-दोन वर्षांत पूर्ण वजनाच्या २५ ते ३० टक्के घट झाली की निकाल चांगला मानतात. पण '७०' ऐकून ५० किलोची स्वप्नं बघितलेल्या बाईंना ८६ किलो म्हणजे फसवणूक वाटते. शस्त्रक्रिया फसलेली नसते, आकडा समजावून सांगितलेला नसतो.

ओळखीचं उदाहरण केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांचं. त्यांची ही शस्त्रक्रिया २०११ मध्ये मुंबईत झाली. फेब्रुवारी २०२२ मध्ये उज्जैनच्या कार्यक्रमात त्यांनी स्वतःच सांगितलं की आपलं वजन पूर्वी १३५ किलो होतं, आता ९३ आहे. म्हणजे ४२ किलोंची, सुमारे ३१ टक्के घट. त्यात व्यायाम आणि खाण्यावरचं नियंत्रणही आलं. लक्षात घ्यायचं ते हे, की शस्त्रक्रियेनंतर दहा वर्षांनीही वजन आटोक्यात होतं.

दोन वर्षांचा आकडा आणि दहा वर्षांचा आकडा

सगळ्यांचं तसं राहत नाही. स्वीडनमध्ये १९८७ पासून शस्त्रक्रिया केलेले सुमारे दोन हजार आणि न केलेले तितकेच लठ्ठ रुग्ण वर्षानुवर्षं तपासले गेले. बायपास केलेल्यांचं वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्के उतरलं. दहा वर्षांनी ही घट २५ टक्क्यांवर आली. म्हणजे थोडं वजन परत चढलं, पण बरंचसं टिकलं. सगळ्या प्रकारच्या शस्त्रक्रिया मिळून बघितलं, तर दोन वर्षांनी ७२ टक्के मधुमेहींचा मधुमेह गेलेला होता. दहा वर्षांनी हे प्रमाण ३६ टक्के राहिलं. त्या काळातल्या काही पद्धती आता मागं पडल्या आहेत, तरी धडा तोच. शस्त्रक्रिया केलेल्यांत मृत्यूही कमी झाले, म्हणजे फायदा खराच आहे. पण शुगर परत येऊ शकते, म्हणून ती तपासणं थांबवायचं नाही.

वजन परत चढतं ते गुपचूप. जेवण थोडंच जातं, पण गोड चहा, सरबत, कुंदा, फरसाण यांना छोटं पोटही अडवत नाही. दिवसाला साखरेचे सहा चहा झाले तर शस्त्रक्रियेचा अर्धा फायदा कपातच गेला म्हणायचा.

केस, कातडी आणि चेहरा

तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस भरपूर गळतात. बायका घाबरतात. शरीराला बसलेला धक्का आणि वेगानं उतरलेलं वजन यामुळं हे होतं. प्रोटीन, लोह, झिंक नीट मिळालं तर पुढच्या काही महिन्यांत केस परत येतात. त्यानंतरही गळत राहिले तर तेल बदलत बसू नका, रक्त तपासा.

कातडी लोंबते. दंड, पोट, मांड्या, छाती. वर्षानुवर्षं ताणलेली कातडी पूर्ण आत जात नाही. व्यायामानं स्नायू भरतात, पण जादा कातडी तिथंच राहते. घड्यांत घाम साचून खाज आणि बुरशी येते, ती जागा कोरडी ठेवावी लागते. कातडी काढायची शस्त्रक्रिया वेगळी असते. ती वजन स्थिर झाल्यावर करतात आणि बहुतेक विमा पॉलिसी तिला सौंदर्याचा खर्च धरतात. हा खर्च आधीच मनात धरून ठेवा.

चेहराही उतरतो. "आजारी होता काय हो?" असं गल्लीत चारजण विचारतात. काल जाडी म्हणून हसणारेच आज वाळलास म्हणतात. घरच्यांनी तरी असं बोलू नये.

थंडी जास्त वाजते. खडे होण्याचा धोका वाढतो, कारण वजन झपाट्यानं उतरताना पित्ताशयात खडे धरतात. बायपासनंतर गोड खाल्लं की काहींना धडधड, घाम, मुरडा आणि जुलाब होतात, त्याला 'डंपिंग' म्हणतात. दारू आधीपेक्षा लवकर आणि जास्त चढते. अंगदुखीसाठी मेडिकलमधून न विचारता आणलेली वेदनाशामक गोळी, खास करून बायपासनंतर, पोटात जखम करू शकते.

तरुण बायकांसाठी एक महत्त्वाची गोष्ट. वजन उतरलं की पाळी नियमित होते आणि दिवस लवकर राहू शकतात. पण १२ ते १८ महिने गर्भधारणा टाळा असं डॉक्टर सांगतात. बायपासनंतर गर्भनिरोधक गोळीचा भरवसा कमी होऊ शकतो, म्हणून दुसरा उपाय विचारून घ्यावा.

ताट बदललं, सणवार तेच

सुरुवातीला पातळ, मग गाळलेलं, मग मऊ आणि साधारण दीड-दोन महिन्यांनी नेहमीचं जेवण, असा क्रम असतो. जेवताना पाणी प्यायचं नाही, अर्धा तास सोडून प्यायचं. घास भरपूर चावायचा.

खरी अडचण प्रोटीनची. दिवसाला किमान ६० ग्रॅम लागतं. एका अंड्यात सहा ग्रॅम, एका वाटी शिजवलेल्या डाळीत साधारण तितकंच. छोट्या पोटात दहा वाट्या डाळ जाणार कुठं? म्हणून आधी पनीर, अंडी, मासे, चिकन, घट्ट डाळ आणि मग भात-भाकरी. शाकाहारी माणसाला पावडरची मदत बहुतेक घ्यावीच लागते. नाहीतर चरबीबरोबर स्नायूही जातात आणि माणूस बारीक पण अशक्त होतो. सोमवार, चतुर्थी, एकादशी असे उपवास करून नुसत्या साबुदाण्यावर राहिलं की प्रोटीन त्या दिवशी शून्याच्या जवळ.

आणि आपला आग्रह! लग्नात "एक लाडू माझ्या हातचा" म्हणत पानात टाकला जातो. एक घास जास्त झाला तरी या माणसाला उलटी होते. त्याला वाढू नका, त्याच्याशेजारी बसून बोला.

गोळ्या का बंद करायच्या नाहीत?

जठर कमी झालं की आम्ल आणि बी-१२ शोषायला लागणारा घटक कमी होतो. बायपासमध्ये लोह आणि कॅल्शियम जिथं शोषलं जातं तो आतड्याचा टप्पाच टळतो. म्हणून बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि मल्टिव्हिटॅमिन आयुष्यभर. शरीरातला बी-१२ चा साठा बराच काळ पुरतो, त्यामुळं गोळ्या सोडल्यावर लगेच काही होत नाही. मुंग्या येतात त्या वर्ष-दोन वर्षांनी आणि उशीर झाला तर नसांचं नुकसान पूर्ण भरून येत नाही. पहिल्या वर्षी दर तीन-सहा महिन्यांनी, नंतर दरवर्षी रक्त तपासायचं.

शस्त्रक्रियेनंतरच्या दिवसांत ताप, जोराची धडधड, पोटात वाढती कळ, दम लागणं किंवा पायाला सूज आली तर सकाळची वाट बघू नका. उलट्या थांबत नसतील आणि चालताना तोल जात असेल, तर बी-१ ची कमतरता असू शकते. तीही तातडीचीच.

पैसे भरण्याआधी

आंतरराष्ट्रीय संघटनांच्या २०२२ च्या शिफारशींनुसार बीएमआय ३५ च्या पुढं शस्त्रक्रिया सुचवतात आणि आशियाई लोकांसाठी २७.५ पासूनही विचार होऊ शकतो. विम्याची अट मात्र कडक आहे. विमा नियामकाच्या ठरलेल्या कलमानुसार बीएमआय ४० हवा, किंवा ३५ आणि सोबत हृदयविकार, झोपेत श्वास अडकण्याचा तीव्र त्रास किंवा आटोक्यात न येणारा मधुमेह हवा आणि आधीचे साधे उपाय अयशस्वी ठरलेले हवेत. म्हणजे बीएमआय ३३ असलेल्या मधुमेह्याला डॉक्टर 'हो' म्हणतील आणि विमा कंपनी 'नाही'. लेखी मंजुरी हातात आल्याशिवाय तारीख घेऊ नका.

पॅकेज विचारताना पुढच्या पाच वर्षांच्या गोळ्या, पावडर आणि रक्ततपासणीचा खर्चही विचारा. तो परवडणार नसेल तर आधी डॉक्टरांशी तेच बोला.

वेंगुर्ले रस्त्यावरच्या त्या गृहस्थांची बी-१२ ची इंजेक्शनं आता सुरू आहेत. मुंग्या थोड्या कमी झाल्यात म्हणतात. परवा कुणीतरी पुन्हा विचारलं, "किती किलो उतरलं?" ते म्हणाले, "किलो सोडा हो. या महिन्याचा रिपोर्ट चांगला आलाय, ते विचारा."