हौशी अग्निबाणांचे अपघात

छंद म्हणून अग्निबाण उडविणाऱ्या अमेरिकेतील मंडळींनी आपल्या अपयशांना लाडकी नावे देऊन ठेवली आहेत. हवाईछत्री न उघडता जो अग्निबाण नाकावर सरळ खाली येतो आणि जमिनीत रुततो, त्यास ते 'लॉन डार्ट' म्हणतात. हिरवळीवर टोकदार भाले फेकण्याचा एक खेळ त्यांच्याकडे एके काळी घरोघरी असे. त्यापायी मुलांना इजा होऊ लागल्याने १९८८ साली त्याच्या विक्रीवर बंदी आली. त्या खेळावरून हे नाव पडले. तोच अग्निबाण खणून काढल्यावर त्याच्या नळीत माती गच्च ठासलेली आढळली, तर तो 'कोअर सॅम्पल', म्हणजे भूवैज्ञानिक विंधण घेऊन काढतात तसा मातीचा नमुना! उड्डाणमंचावरून सुटताच आडवा होऊन जमिनीलगत सुसाट धावणारा अग्निबाण हा 'लँड शार्क'. ज्या गोष्टी पुन्हा पुन्हा घडतात त्यांनाच माणसे नावे ठेवतात. या छंदात फसलेली उड्डाणे ही अपवादात्मक घटना नव्हे, हे एवढ्यावरूनच ध्यानात यावे.

रॉकेटसाठी आपल्याकडे अग्निबाण हा शब्द रूढ झाला आहे आणि तो सुरेखही आहे. परंतु या विषयापुरती त्याची एक अडचण आहे. मराठीत बाण सुटतो, लागतो किंवा चुकतो. तो परत येत नाही, आणि त्याने परत यावे अशी कोणाची अपेक्षाही नसते. हौशी अग्निबाणाचे मात्र तसे नाही. तो वर किती गेला याइतकेच तो खाली कसा आला याला महत्त्व आहे, आणि पुढे दिसून येईल त्याप्रमाणे बहुतेक अपघातांचे मूळ या दुसऱ्या प्रश्नातच सापडते.

या छंदाचा उगमच मुळी अपघातांच्या भीतीतून झाला असे म्हणावयास हरकत नाही. ४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोव्हिएत संघाने स्पुटनिक अवकाशात सोडला आणि अमेरिकेतील शाळकरी मुलांना अग्निबाणांचे वेड लागले. तळघरात किंवा मोटारीच्या गॅरेजमध्ये लोखंडी नळीत मिळेल ते ज्वालाग्राही मिश्रण ठासावयाचे आणि वात पेटवून पळावयाचे, अशी त्या प्रयोगांची रीत होती. पश्चिम व्हर्जिनियातील कोलवुड या कोळसाखाणीच्या गावी वाढलेल्या आणि पुढे नासामध्ये अभियंता झालेल्या होमर हिकम यांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या 'रॉकेट बॉईज' या आत्मकथनात आपल्या पहिल्या प्रयोगाची हकीकत सांगितली आहे. अग्निबाण जागचा हलला नाही. आईच्या गुलाबवाटिकेचे कुंपण मात्र उडाले. हिकम सुदैवी होते. त्या काळी कित्येक मुलांची बोटे गेली, डोळे गेले, काही प्राणासही मुकली. लोखंडी नळी आणि घरगुती मिश्रण यांच्या संयोगास अग्निबाण म्हणण्यापेक्षा बॉम्ब म्हणणेच अधिक सयुक्तिक होते.

यावर उपाय सुचला तो नेब्रास्का राज्यातील नॉरफोक गावच्या एका पादत्राणांच्या दुकानदारास. ऑरव्हिल कार्लाइल यांना शोभेच्या दारूकामाचा नाद होता, तर त्यांचे बंधू रॉबर्ट यांना नमुन्याची विमाने उडविण्याचा. या दोघांनी १९५४ साली पुठ्ठ्याच्या नळीचा व हलक्या लाकडाच्या पंखांचा अग्निबाण तयार केला. त्यात आयते, एकदाच वापरावयाचे लहानसे इंजिन बसविले होते, आणि ते जळून संपताच छोटीशी हवाईछत्री बाहेर फेकली जात असे. न्यू मेक्सिकोतील व्हाइट सँड्स येथील क्षेपणास्त्र चाचणी केंद्रात काम करणारे हॅरी स्टाइन यांचा अग्निबाणांच्या धोक्यांविषयीचा लेख वाचून कार्लाइल यांनी १९५७ साली त्यांच्याशी पत्रव्यवहार केला. स्टाइन यांनी त्या कल्पनेच्या आधारे नियम घालून दिले. त्यांचे सार असे : इंजिन घरी बनवू नये, अग्निबाणात धातू वापरू नये, वातीऐवजी दूर उभे राहून विजेच्या बटणाने तो पेटवावा आणि तो सावकाश खाली येईल अशी व्यवस्था केल्यावाचून उडवू नये. शेवटचा नियम विशेष लक्षात ठेवण्याजोगा आहे.

मुले मोठी झाली तशी अग्निबाणही मोठे झाले. इंजिनांची वर्गवारी रोमन लिपीतील अक्षरांनी होते आणि दर अक्षरागणिक इंजिनाच्या एकूण आवेगाची कमाल मर्यादा दुप्पट होत जाते. 'ए' वर्गाची मर्यादा अडीच न्यूटन-सेकंद आहे. बुद्धिबळाच्या पटावरील धान्याच्या दाण्यांची गोष्ट ज्यांना ठाऊक आहे त्यांना पुढचा हिशेब सांगावयास नको : बारा पायऱ्या वर असलेल्या 'एम' वर्गाची मर्यादा त्याच्या ४,०९६ पट भरते. १६० न्यूटन-सेकंदांच्या वर, म्हणजे 'एच' वर्गापासून, उच्च शक्तीचे अग्निबाण सुरू होतात. अशा अग्निबाणांच्या चाहत्यांचा मेळावा १९८२ साली ओहायो राज्यात प्रथम भरला. 'मोठी धोकादायक अग्नियाने' अशा अर्थाचे त्याचे नाव थट्टेने ठेवलेले असले तरी ते अगदीच खोटे नव्हते.

प्रेक्षकांच्या दृष्टीने सर्वांत भयंकर अपघात म्हणजे मंचावरच होणारा स्फोट. तो का होतो हे समजण्यासाठी इंजिनाची रचना पाहिली पाहिजे. अमोनियम परक्लोरेट हे प्राणवायू पुरविणारे क्षार, धातूची पूड आणि त्यांना धरून ठेवणारे रबर यांच्या, मध्ये आरपार भोक असलेल्या, जाड वड्या अ‍ॅल्युमिनियमच्या नळीत एकापुढे एक बसविलेल्या असतात. आग त्या भोकाच्या आतील पृष्ठभागावर लागते. निर्माण होणारा वायू मागील तोटीच्या चिंचोळ्या गळ्यातून बाहेर पडतो. किती वायू निर्माण व्हावा हे जळणाऱ्या पृष्ठभागावर अवलंबून असते, तर किती बाहेर पडावा हे गळ्याच्या रुंदीवर. या दोहोंचा मेळ आधी गणिताने बसविलेला असतो. आता एखाद्या वडीस तडा गेला आहे अशी कल्पना करा. आग त्या भेगेत शिरते, जळणारा पृष्ठभाग अचानक वाढतो, दाब चढतो. आणि दाब चढला की हे इंधन अधिकच वेगाने जळते, त्यामुळे दाब आणखी चढतो. डोळ्याचे पाते लवते न लवते तोच नळी फुटते. २००९ साली वॉशिंग्टनमधील न्यायालयाने या इंधनाला स्फोटकांच्या सरकारी यादीतून वगळविले, ते ते जळते, स्वतः स्फोट पावत नाही, या वादातून. फुटते ती नळी. अर्थात मंचाजवळ उभ्या असणाऱ्यास या भेदाचा फारसा उपयोग नाही.

नळीची सांधेजोड बंद करणाऱ्या रबरी कड्या हे दुसरे नाजूक ठिकाण होय. कडीवर तेलकट बोटाने चिकटलेला एखादा वाळूचा कणही तप्त वायूला वाट करून देण्यास पुरतो. २८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजर हे अवकाशयान सात अंतराळवीरांसह नष्ट झाले, त्याच्या मुळाशी अशीच एक, थंडीने ताठरलेली, कडी होती.

मंचावरून सुखरूप सुटलेला अग्निबाण सरळ जाईलच असे नाही. दिवाळीत बाण उडविताना त्याची काडी अर्धी मोडली तर तो कसा सैरावैरा धावतो हे ज्याने पाहिले आहे, त्याला यामागील तत्त्व निराळे समजावून देण्याची गरज नाही. प्रत्येक अग्निबाणात दोन बिंदू महत्त्वाचे असतात : ज्याभोवती तो वळतो तो गुरुत्वमध्य आणि हवेचा आडवा दाब जेथे एकवटल्यासारखा वाटतो तो दाबमध्य. दाबमध्य मागे असला तर तिरपा झालेला अग्निबाण वातकुक्कुटाप्रमाणे आपोआप वाऱ्याकडे तोंड करून सरळ होतो. तो पुढे असला तर तिरपेपणा वाढत जातो. बाणाची काडी किंवा अग्निबाणाचे पंख दाबमध्याला मागे खेचतात. दोहोंत निदान नळीच्या व्यासाइतके अंतर असावे असा संकेत आहे. दाबमध्य कागदावर काढण्याची सोपी रीत नासातील जेम्स बॅरोमन यांनी १९६६ साली या छांदिष्टांच्या हाती दिली. तरीही चूक होते, आणि ती बहुधा हावेपोटी. ठरल्यापेक्षा मोठे इंजिन बसविले की शेपटीचे वजन वाढते, गुरुत्वमध्य मागे सरकतो आणि काल नीट उडालेला अग्निबाण आज लँड शार्क होतो. उलट, इंजिन फार दुबळे असेल तर अग्निबाण मंचाची दांडी इतक्या संथपणे सोडतो की पंखांना हवेचा आधारच मिळत नाही.

आता उतरण्याविषयी. चढण्याची शक्ती विकत मिळते. उतरण्याची व्यवस्था ज्याची त्याने रचावयाची असते. शिखरावर पोहोचल्यावर अग्निबाण क्षणभर जवळजवळ थांबतो. नेमक्या त्या क्षणी थोडी बंदुकीची दारू पेटवून नळीचे दोन भाग अलग करावयाचे आणि हवाईछत्री बाहेर काढावयाची, एवढेच काम. दोन-तीन सेकंद उशीर झाला तर वेग इतका वाढलेला असतो की छत्री फाटते, किंवा तिची दोरी पुठ्ठ्याची नळी वरपासून खालपर्यंत चिरत नेते. छत्री शिखरावर पूर्ण उघडली तर अग्निबाण वाऱ्याबरोबर कोसभर वाहून जातो. म्हणून वर लहान छत्री आणि जमिनीपासून शंभर-दोनशे मीटरवर मोठी, अशी दुहेरी योजना करतात. हे सारे घडविते ते हवेचा दाब मोजून उंची ठरविणारे एक छोटे विद्युत्‌यंत्र. दाब कमी होत होत पुन्हा वाढू लागला की शिखर आले असे ते समजते. पण ध्वनीच्या वेगाच्या आसपास नळीवर उठणारी आघातलाट यंत्राच्या श्वासछिद्रावरून सरकते व दाब एकाएकी बदलतो. यंत्र भोळे असेल तर ते उतरण सुरू झाली असे मानून ऐन वेगात छत्री सोडते. अग्निबाणाच्या चिंध्या होतात. फार उंचावर याहून निराळी अडचण : तेथील विरळ हवेत बंदुकीची दारू नीट जळत नाही, अर्धी तशीच विखुरते आणि सांधा सुटत नाही. एखादी सैल तार, दमलेली बॅटरी, छत्रीच्या घडीत अडकलेली दोरी, यांचाही परिणाम तोच. मग कित्येक किलो वजनाची टोकदार वस्तू ताशी शेकडो किलोमीटर वेगाने, आवाज न करता, खाली येते. धुराचा लोट व गर्जना यांनी जागे झालेले प्रेक्षक तोवर बोलण्यात रमलेले असतात. अशा वेळी मैदानावर ओरडून सर्वांना वर पाहावयास सांगतात, ते यासाठीच.

नियमही हे ओळखून आहेत. 'एच' इंजिनापासून सुमारे तीस मीटर, 'एम'पासून दीडशे मीटर दूर राहावे. बटण दाबूनही अग्निबाण पेटला नाही तर साठ सेकंद कोणीही जवळ जाऊ नये. उच्च शक्तीची इंजिने हवी असणाऱ्यास परीक्षा म्हणून एक उड्डाण करून दाखवावे लागते. अग्निबाण किती उंच गेला हे त्यात कोणी विचारीत नाही. तो पुन्हा उडविता येईल अशा स्थितीत परत आला पाहिजे. २५ एप्रिल २००९ रोजी मेरीलंड राज्यात स्टीव्ह ईव्ह्‌स यांनी सॅटर्न-५ या चांद्र अग्निबाणाची एक-दशांश प्रतिकृती उडविली. ती अकरा मीटर उंच व सुमारे साडेसातशे किलो वजनाची होती आणि जेमतेम तेराशे-साडेतेराशे मीटर वर गेली. परंतु ती छत्र्यांच्या आधारे सुखरूप उतरली, म्हणून या मंडळींत तिचे कौतुक अद्याप ओसरलेले नाही.

याच्या उलट उदाहरण दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांचे. आपण बनविलेला अग्निबाण अवकाशाच्या सीमेपलीकडे, शंभर किलोमीटरवर, न्यावयाचा अशी त्यांची जिद्द होती. 'ट्रॅव्हलर' नावाचा त्यांचा पहिला अग्निबाण २०१३ साली व दुसरा २०१४ साली उड्डाणानंतर काही सेकंदांतच फुटला. चार वर्षे इंजिनावर मेहनत घेऊन २९ सप्टेंबर २०१८ रोजी नेवाडातील ब्लॅक रॉक वाळवंटातून त्यांनी तिसरा सोडला. या खेपेस इंजिनाने दगा दिला नाही. अग्निबाण दिसेनासा झाला. मात्र उंची नोंदविणारी व छत्री सोडणारी विद्युत्‌योजना उड्डाणापूर्वी योग्य रीतीने चालूच केली गेली नव्हती. कसलीही नोंद झाली नाही, छत्री उघडली नाही, अग्निबाण कोसळला. तो अवकाशात पोहोचला होता की नाही हे सांगण्यास कोणताच पुरावा उरला नाही.

या चुकीला हसण्याआधी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ही योजना अगदी शेवटी, अग्निबाण मंचावर उभा केल्यावरच चालू करावी असा दंडक आहे. आधी चालू केली तर वाऱ्याच्या झोताने किंवा धक्क्याने यंत्राची फसगत होऊन छत्रीची दारू माणसांच्या हातात पेटावयाची. म्हणजे सुरक्षिततेनेच हे काम शेवटावर ढकलले आहे, आणि शेवटची काही मिनिटे हीच घाईची, उन्हाने शिणलेल्या माणसांची असतात. तेथे जे विसरले जाते त्याची जाणीव अग्निबाण दृष्टिआड झाल्यावरच होते.

विद्यार्थ्यांनी चौथा अग्निबाण बांधला. २१ एप्रिल २०१९ रोजी तो न्यू मेक्सिकोतील उड्डाणतळावरून सुटला. या वेळी यंत्र जागे होते. छत्रीने खाली आणलेल्या त्या यंत्रातील नोंदी तपासून विद्यार्थ्यांनी हिशेब मांडला, तेव्हा उंची भरली सुमारे १०३.६ किलोमीटर.