कारखान्याआधी संगणकात धावणारी मोटार

नवी मोटार रस्त्यावर येण्याआधी संगणकात कित्येकदा धावलेली असते. पण तिचं इंजिन एका कंपनीचं, ब्रेक दुसरीचे, गिअरबॉक्स तिसरीचा. मग प्रत्येक भागाचं संगणकीय प्रतिरूप मोटार कंपनीच लिहिते का?

पूर्वी बरेचदा तसंच करावं लागे. पुरवठादाराकडे प्रतिरूप तयार असलं, तरी त्यात धंद्याचं गुपित असल्यानं तो ते देईना. दिलंच तर दोघांची सॉफ्टवेअर जुळत नसत. डाइम्लर या मोटार कंपनीच्या पुढाकारानं युरोपात यावर तोडगा निघाला आणि २०१० मध्ये ‘एफएमआय’ हे सामाईक मानक आलं. आज शंभराहून अधिक सॉफ्टवेअर ते ओळखतात.

या मानकानुसार प्रतिरूप एका झिप फाइलमध्ये बंद होतं. मसाल्याच्या तयार पुडीसारखंच: चव मिळते, प्रमाण कळत नाही. सोबतच्या यादीत आत काय द्यायचं आणि बाहेर काय मिळेल, एवढंच असतं. मुख्य सॉफ्टवेअर घड्याळ सांभाळतं. दर छोट्या टप्प्याला इंजिनाची फाइल आपला जोर सांगते, गिअरबॉक्सची फाइल तो घेऊन वेग परत कळवते, की पुढचा टप्पा.

एकदा लिहिलेलं प्रतिरूप दहा गिऱ्हाइकांना देता येतं, खरी कमाई इथेच. मात्र कोरड्या रस्त्यापुरतं तपासलेलं ब्रेकचं प्रतिरूप बर्फावर चालवलं, तर संगणक बिनतक्रार चुकीचं उत्तर देऊ शकतो. त्यामुळे तपासणी जितकी व्यापक, तितकं प्रतिरूप मोलाचं. आणि ती भलतीच खर्चिक. हा खर्च कुणी उचलायचा, यावरच खरी घासाघीस होते.